घंटेपासून घंटेपर्यंत

"गुरुवारी?" हेस्टरने विचारलं. हातातलं मिठाच्या पाण्याचं फडकं पिळायचं राहूनच गेलं आणि पाणी फरशीवर ठिबकत राहिलं.

"उद्या, गुरुवारी, सकाळी दहाला," मॉड आत्या म्हणाली. दोन्ही काठ्या टेबलाला टेकवून ती धपकन खुर्चीत बसली. "चर्चच्या दारावर कागद लागलाय. खाटकाच्या बायकोने मला भर रस्त्यात अडवून विचारलं, स्केल्टनांच्या घरात सगळे शुद्धीवर आहेत ना? मी म्हटलं, न्याहारीपर्यंत तरी होते."

"मी लायोनेलला शुक्रवार सांगितला होता. स्वतः सांगितला होता."

"मग त्याच्या कानात बर्मिंगहॅमचा मळ साचला असेल."

हेस्टरने फडकं पुन्हा बादलीत बुडवलं, पिळलं, आणि समोरची चीजची ढेप पुसायला घेतली. घरात माणूस गेलं तरी चीजला सुतक नसतं. रोज ढेपा उलटाव्या लागतात, पुसाव्या लागतात, नाहीतर त्या एका अंगाने बसतात. म्हणून तर तिने अंत्यविधीचं सगळं थोरल्या भावावर, लायोनेलवर, सोपवलं होतं. दुकानाच्या पुढच्या खोलीत, पडदे ओढून घेतलेल्या अंधारात, आई शवपेटीत निजली होती. वारल्यापासून आजपर्यंत हेस्टरच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. वेळच मिळाला नाही, असं ती स्वतःला सांगत होती.

हार्नबरीत गुरुवारी कोणी मरत नाही आणि मेलंच तर शुक्रवारपर्यंत कोणाला सांगत नाही, असं आसपासच्या खेड्यांतले लोक चेष्टेनं म्हणतात. चेष्टा असली तरी खोटी नाही. गुरुवारी इथे लग्न लागत नाही, बारसं होत नाही, दुखरा दातसुद्धा कोणी उपटून घेत नाही. गुरुवार हा बाजाराचा. कुठल्याशा राजाने सातशे वर्षांपूर्वी दिलेल्या सनदेचा. गावाच्या उताराच्या चौकात, दगडी खांबांवर छप्पर पेललेला जुना बटर क्रॉस आहे. दहाच्या ठोक्याला तिथे हातघंटा वाजते, बाराला दुसरी. या दोन घंटांच्या मधल्या वेळात ज्याच्या जागेवर त्याच्या घरचं माणूस माल घेऊन उभं नसेल, त्याची जागा गेली. पुढे जो पहिला पाय ठेवील त्याची. आणि उभं म्हणजे उभं. बसलेलं चालत नाही. रक्ताचं माणूस हवं. सून असली तर तिने आधी पुरतं एक वर्ष शेजारी उभं राहून हात खारवलेले हवेत. शेजारी, मित्र, नोकर, यांतलं कोणी चालत नाही.

हे सगळं लिहिलेलं कुठे नाही, पण मोडायची छातीही कोणाची नाही. प्लेगच्या साली गिऱ्हाइकांनी नाणी दगडातल्या खोबणीत, व्हिनेगरमध्ये टाकली आणि स्केल्टनांनी चीज लांब काठीच्या टोकावरून दिलं, पण जागा सोडली नाही. राजाचं सैन्य आणि पार्लमेंटचं सैन्य एकाच सकाळी गावात शिरलं, तेव्हा म्हणे स्केल्टनांनी राजाच्या लोकांना टेबलाच्या उजवीकडून चीज विकलं आणि पार्लमेंटच्या लोकांना डावीकडून. रेल्वे आली, गावाने तिच्याकडे पाहून मान हलवली. परवा रेल्वे बंद झाली, तेव्हाही गावाने तशीच मान हलवली. बाजार मात्र एक गुरुवार चुकला नव्हता.

आणि नव्या पाद्रीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. गावाचीच चूक ती. सूर्य पूर्वेला उगवतो हे पाहुण्याला कोणी सांगत बसतं का?

हेस्टर एप्रन न काढताच पाद्रीकडे गेली. तो बिचारा तरुण माणूस कानापर्यंत लाल झाला. पण उद्या पहाटे त्याची दुसऱ्या गावात प्रार्थना होती, दुपारी बिशपकडे जायचं होतं, आणि शुक्रवारपासून आता दुसऱ्या तीन गावांची कामं ठरली होती. पुढचा मोकळा दिवस थेट मंगळवार. जूनचा उकाडा होता. आईला तितके दिवस घरात ठेवणं शक्य नव्हतं.

तिथून ती चौकात आली. घंटा वाजवणारा म्हातारा एनॉक पिम पंपाजवळ पाइप ओढत बसला होता. तिला पाहून त्याने टोपी काढली.

"एनॉककाका, उद्या घंटा तासभर उशिरा वाजवली तर?"

म्हाताऱ्याने पाइप तोंडातून काढला, पुन्हा घातला. "हे तुझ्या आईच्या कानावर गेलं असतं ना, तर तिनं तुला मिठाच्या पाण्यात बुडवून उलटं टांगलं असतं."

"माहीत आहे मला."

"मला वाजवावीच लागणार, पोरी. आज तुझ्या आईसाठी थांबलो, तर उद्या कोणाच्या सर्दीसाठी थांबावं लागेल." त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते लपवलेही नाहीत. "ट्रंडल मात्र सकाळपासून तुमच्या जागेभोवती घिरट्या घालतोय. डोळा ठेव."

अमोस ट्रंडल प्लॅस्टिकच्या टोपल्या-बादल्या आणि नायलॉनचे मोजे विकायचा. त्याची जागा चौकाच्या खालच्या टोकाला, जिथे सगळ्या बाजाराचं पाणी वाहत येतं. छपराखालच्या स्केल्टनांच्या जागेवर त्याची नजर जगजाहीर होती.

*

चहाच्या वेळी सगळे स्वयंपाकघरात बसले. टेबलावर उद्यासाठी उकडलेलं हॅम पांढऱ्या कापडाखाली झाकलेलं होतं, शहाजिऱ्याचा केक होता, आणि त्याला कोणी हात लावत नव्हतं. लायोनेल काळ्या सुटात ताठ बसला होता. बर्मिंगहॅमच्या एका कचेरीत तो मोठा साहेब होता. तिथे जाऊन त्याने पहिलं काम केलं ते हार्नबरीची बोली जिभेवरून खरवडून काढण्याचं. त्याची बायको सिल्व्हिया सगळ्यांना चहा ओतत होती, कारण या घरात तिला दुसरं काम कोणी कधी दिलंच नव्हतं.

"लायोनेल," हेस्टर म्हणाली, "मी तुला शुक्रवार सांगितला होता."

"सांगितला होतास."

"मग विसरलास का?"

तो विसरलो म्हणाला असता तर बरं झालं असतं. शहरात राहून माणूस विसरतो, दोन टोमणे खातो आणि विषय संपतो. पण लायोनेलने कप खाली ठेवला. "नाही. पाद्रीने गुरुवार आणि शुक्रवार दोन्ही विचारले. मी गुरुवार म्हणालो. मुद्दाम."

मॉड आत्याच्या हातातली काठी खाली पडली.

"माझं लग्न गुरुवारी होतं," लायोनेल म्हणाला. "सिल्व्हियाच्या वडिलांना तोच दिवस मिळाला. मी आईला पत्रं लिहिली, फोन केले. ती आली नाही. एक चीजची ढेप पाठवून दिली. चर्चमध्ये माझ्या बाजूचा बाक रिकामा होता, हेस्टर. सिल्व्हियाच्या मावशीने विचारलं, मुलगा अनाथ आहे का?"

"मी इस्पितळात होते. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. बाबा नव्हते, आत्या काठ्यांवर आली होती. तिच्या जागी उभं राहायला कोण होतं?"

"कोणी नव्हतं! तेच म्हणतोय मी. चार फरश्यांच्या जागेपुढे पोटचा मुलगा हरला. म्हणून म्हटलं, आता तिचा स्वतःचा दिवस आहे. बघू, त्या दिवशी तरी बाजार तिला सोडतो का." त्याचा आवाज चढला होता. "आणि तुझ्यासाठीही म्हणतोय मी. हात बघ तुझे! हिवाळ्यात भेगांतून रक्त येतं. लग्न केलं नाहीस, समुद्र बघितला नाहीस. जागा गेली तर सुटशील. दुकान विकू, आमच्याकडे ये."

"त्याचं अगदीच चूक नाही हो," मॉड आत्या हळूच म्हणाली. हेस्टरने तिच्याकडे वळून पाहिलं, तशी ती घाईने पुढे म्हणाली, "म्हणजे दिवसाचं चूकच. पण तुझ्या हातांचं खरं आहे. माझं तारुण्यही त्या फरश्यांनीच खाल्लं. संधिवात फुकट मिळाला."

"तू उभी राहशील का, आत्या? फक्त उद्या?"

"दोन तास? या काठ्यांवर? अगं, पहिल्या अर्ध्या तासात आडवी होईन आणि तुम्हाला एका खर्चात दोन अंत्यविधी करावे लागतील."

"मी उभी राहते," सिल्व्हिया म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. किटली हातात धरून ती उभीच होती.

"तू चालणार नाहीस," हेस्टर म्हणाली. तिला ते मऊ आवाजात म्हणायचं होतं, पण तसं जमलं नाही. "वर्षभर शेजारी उभं राहिलेलं लागतं."

"मला कोणी कधी बोलावलंच नाही," सिल्व्हिया म्हणाली आणि खाली बसली.

हेस्टरने टेबलावर हात पसरले. खरंच वाईट दिसत होते. सांधे सुजलेले, नखांच्या कडा मिठाने पांढऱ्या पडलेल्या. "लायोनेल, मला कोणी बांधून ठेवलेलं नाही," ती म्हणाली. "तू निघून गेलास, मलाही जाता आलं असतं. मला ते काम आवडतं. सूर्य वर येतो, डोंगरावरची माणसं खाली यायला लागतात, आणि कोण काय घेणार हे मला त्यांच्या चालण्यावरून कळतं. तिथे उभी असते तेव्हा मी कोण आहे हे मला कोणाला विचारावं लागत नाही. ती जागा आईची म्हणून नको आहे मला. माझी म्हणून हवी आहे."

"मग उद्या काय करणार आहेस?"

"उभी राहणार."

"आईला पोचवायला येणार नाहीस?" मॉड आत्याचा आवाज फाटला. "पोटची पोर असून? लोक काय म्हणतील?"

"लोक माझ्याकडून चीज घेतील आणि मग म्हणतील," हेस्टर म्हणाली. ती उठून मागच्या खोलीत निघून गेली, कारण अजून क्षणभर तिथे बसली असती तर तिचा धीर सुटला असता.

*

चीजच्या खोलीत गार होतं. हेस्टर फळीवरच्या ढेपा एकेक करून उलटत होती. सिल्व्हिया दारात येऊन उभी राहिली, मग आत आली, आणि न विचारता पलीकडच्या टोकापासून उलटायला लागली. बोटं चुकीच्या जागी लावत होती, पण ढेप पडू देत नव्हती.

"ती ढेप," थोड्या वेळाने ती म्हणाली. "लग्नात आलेली. त्याने ती पाहुण्यांना दिली नाही. मलाही नाही."

"फेकून दिली असेल."

"रोज रात्री जेवण झालं की तो स्वयंपाकघरात जायचा, दार लावून घ्यायचा आणि एक तुकडा खायचा. एकटाच. संपेपर्यंत. मी एकदा काचेतून बघितलं. खाता खाता रडत होता." तिने पुढची ढेप उचलली. "त्याला सांगू नका मी सांगितलं म्हणून."

हेस्टरने सिल्व्हियाचा हात धरून ढेपेखाली नीट बसवला. "अशी धर. तळहातावर वजन घ्यायचं, बोटांवर नाही."

*

सकाळी ऊन स्वच्छ पडलं होतं. हेस्टरने खांबांमधल्या त्या चार फरश्यांवर टेकूचे लाकडी घोडे मांडले, वर फळी टाकली, फळीवर पांढरं कापड, आणि कापडावर ढेपा. आईचा एप्रन खुंटीवरून आणून तिने फळीच्या कडेला लटकवला. स्वतः तिने काळा पोशाख घातला होता. त्यावर आपला रोजचा एप्रन बांधताना तिने गाठ दोनदा मारली.

बाजार भरला होता, पण नेहमीचा कलकलाट नव्हता. कोंबडीवाले, बियाणंवाले, कापडवाले, सगळे आपापल्या जागी गप्प उभे होते. अमोस ट्रंडल समोर, अगदी हाकेच्या अंतरावर, हात मागे बांधून उभा होता. त्याने चक्क काळा टाय लावला होता. वखवखलेला माणूससुद्धा कपडे करून येतो म्हणायचं, असं हेस्टरच्या मनात आलं.

मग वरच्या गल्लीच्या तोंडाशी शवपेटी दिसली. घरापासून चर्चपर्यंतची वाट चौकातूनच जाते. दुसरी वाट नाही. सहा जणांच्या खांद्यावर आई येत होती. पुढे उजवीकडे लायोनेल. मागे सिल्व्हियाच्या दंडाला धरून मॉड आत्या. बाजारातल्या टोप्या एकापाठोपाठ एक उतरत गेल्या.

हेस्टरने ठरवलं होतं की मान ताठ ठेवायची. आई याच फळीमागे अशीच उभी राहिली होती, बाबांच्या मृत्यूची तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. हिमवादळाच्या साली एकही गिऱ्हाईक नसताना उभी राहिली होती आणि रिकाम्या चौकाला ओरडून सांगत होती, "आधी चाखा, मग नाकं मुरडा!" तीच तिची आरोळी. ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा हेस्टर शाळेतही जात नव्हती. आज ती आरोळी तिला स्वतः द्यायची होती, आईची पेटी चर्चच्या दारातून आत जात असताना.

पेटी जवळ आली, बटर क्रॉससमोर आली, आणि थांबली. लायोनेलचे पायच थांबले होते, त्यामुळे बाकीच्यांना थांबावं लागलं. तो समोर बघत होता: फळीवर ढेपा, कडेला लटकलेला आईचा एप्रन, मागे उभी बहीण.

एनॉकने घंटा उचलली. चर्चच्या घड्याळाचा काटा दहाला टेकत आला होता.

"लायोनेल, चल," मागून कोणीतरी कुजबुजलं.

"माझा खांदा धरा कोणीतरी," लायोनेल म्हणाला.

कोणाला काही समजलं नाही. तो पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्याने. आणि पुढे कोणी यावं? अमोस ट्रंडल. ताडताड चालत आला, पेटीखाली शिरला आणि आपला रुंद खांदा लावून उभा राहिला.

"तुझी जागा जाईल, अमोस," एनॉक म्हणाला.

"बायको उभी आहे. तिचं वर्ष कधीच भरलंय." अमोसने हेस्टरकडे मान वळवली. "असं बघू नकोस माझ्याकडे. मला जागा हवी आहे, ते खरं. पण ती तुझ्या आईशी भांडून हवी होती. अशी रिकामी सापडलेली नको."

लायोनेल फळीमागे आला. त्याने कोट काढला, कुठे ठेवावा ते न कळून हेस्टरच्या हातात दिला, आणि आईचा एप्रन डोक्यातून घातला. तो त्याला आखूड होत होता.

"जा," तो म्हणाला.

"तू थोरला आहेस. पेटीबरोबर तू असायला हवंस."

"तिच्या लेखी मी असायला हवा ती जागा हीच. मला ती इथे उभी असलेली सोडून दुसरीकडे कुठे दिसतच नाही." त्याने एप्रनचे बंद मागे बांधले. "ती माझ्या लग्नाला आली नाही. मी तिच्या अंत्यविधीला जात नाही. फिटलं आमचं. पण तू जा, हेस्टर. तुझं तिच्याशी काही फिटायचं नाही. धाव!"

"तुला ढेप कापता येईल? कापायची तार ओली करून घ्यावी लागते—"

"मला माहीत आहे. दहा वर्षांचा होतो तेव्हापासून माहीत आहे. जा म्हणतो ना!"

हेस्टरने एप्रनची गाठ सोडायला घेतली. दोनदा मारलेली, सुटेना. मग ती एप्रनसकटच निघाली, हातात भावाचा कोट, पेटीच्या मागे, सिल्व्हियाच्या शेजारी. कोणी तिला एप्रन काढ म्हटलं नाही.

पेटी चर्चच्या दारातून आत गेली आणि मागे घंटा सुरू झाली. एनॉकने ती इतकी सावकाश वाजवली, की ती बाजाराची आहे की आईची हे ऐकणाऱ्याने ठरवावं. मग ती थांबली. आत पाद्रीने पुस्तक उघडलं. उकाड्यासाठी दार उघडंच ठेवलं होतं. त्याने पहिला शब्द उच्चारायला तोंड उघडलं, आणि बाहेरून आवाज आला.

"आधी चाखा!"

आवाज मध्येच चिरकला. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग पुन्हा, भरदार, डोंगराकडच्या जाड बोलीत, जी त्या माणसाने इतकी वर्षं खपून जिभेवरून पुसली होती:

"आधी चाखा, मग नाकं मुरडा! स्केल्टनांचं चीज! आधी चाखा!"

पाद्री थांबला. त्याला हे गाव आता थोडं थोडं कळायला लागलं असावं, कारण त्याने दार लावायला सांगितलं नाही.

"फार वरच्या पट्टीत सुरू केलंय," मॉड आत्या कुजबुजली. "बारापर्यंत टिकायचा नाही घसा."

"टिकेल," हेस्टर म्हणाली. भावाच्या कोटात तोंड खुपसून ती तेव्हा पहिल्यांदा रडली.